वीस म्हणजे किती?

इन्सुलिन सुरू होऊन महिना झाला की माणूस आपला आकडा चपलेच्या नंबरासारखा सांगायला लागतो. ‘सकाळी वीस, रात्री बारा.’ समोरचाही मान डोलावतो, ‘आमच्या आईला सोळा-दहा.’ या बोलण्यात कुणीच विचारत नाही की वीस म्हणजे वीस काय. थेंब नव्हेत, मिली नव्हेत, मिलिग्रॅमही नव्हेत. वीस युनिट. आणि युनिट ही वस्तू डोळ्यांना दिसत नाही; दिसते ती सिरिंजवरची रेघ.

युनिटचा जन्मच मुळी अडचणीतून झाला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन हे हार्मोन वेगळं काढलं, तेव्हा अर्काची ताकद वजनावरून कळत नसे. आजचा अर्क जहाल, उद्याचा मिळमिळीत. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते इतकं अशुद्ध होतं की टोचल्या जागी गळू झालं. त्यांचा सहकारी, रसायनतज्ज्ञ कॉलिप याने अर्क शुद्ध केला आणि २३ तारखेला पुन्हा टोचलं, तेव्हा कुठे साखर उतरली. मग मोजायचं कसं? उपाशी सशाला टोचून त्याची साखर किती खाली येते ते बघायचं आणि त्यावरून युनिट ठरवायचं. म्हणजे युनिट हे द्रवाचं माप नाहीच, परिणामाचं माप आहे. ससे गेले, शब्द राहिला. तो किती द्रवात बसवलाय हे बाटलीवरचा दुसरा, बारीक अक्षरातला आकडा सांगतो, आणि बहुतेक घरांत तो कधी वाचलाच जात नाही.

आपल्याकडे मेडिकलमध्ये ह्यूमन इन्सुलिनची जी बाटली मिळते ती बहुधा ‘४० आययू प्रति मिली’ची असते; आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय युनिट. १० मिलीची बाटली, आत ४०० युनिट. इन्सुलिन टोचायचं पेन आणि पेनात बसणारी औषधाची नळी, म्हणजे कार्ट्रिज, मात्र ‘१०० आययू प्रति मिली’ची: ३ मिली, ३०० युनिट. ग्लार्जिनसारख्या दिवसभर पुरणाऱ्या काही इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या येतात, आणि त्याच ग्लार्जिनचं ३०० चं पेनसुद्धा असतं. सिरिंजही तशाच दोन जातींच्या. ४० च्या बाटलीची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. लाल आणि नारिंगी! मधुमेहाने नजर अधू झालेल्या माणसाने संध्याकाळच्या उजेडात ओळखायला जगातले हेच दोन रंग का निवडले असतील, हे कोडं सुटत नाही.

आता हिशेब बघा. ४० च्या सिरिंजवर एक युनिट म्हणजे ०.०२५ मिली; १०० च्या सिरिंजवर ०.०१ मिली. बाटली ४० ची आणि हातात सिरिंज १०० ची असेल, तर विसाच्या रेघेपर्यंत ओढलं तरी आत येतं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. उलटं झालं, बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची, तर विसाच्या रेघेला ०.५ मिली येतं. म्हणजे ५० युनिट. रेघ तीच, आकडा तोच, आणि अडीचपट फरक.

दुसऱ्या चुकीचा धोका लगेच कळतो, कारण माणूस काही तासांत घामाघूम होऊन पडतो. पहिली चूक जास्त फसवी आहे. वीस घेऊनही साखर उतरत नाही, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. विसाचे चोवीस, चोविसाचे तीस. प्रत्यक्षात जातात बाराच. मग एक दिवस दुसऱ्या दुकानातून सिरिंज येते, बरोबर जातीची, लाल टोपीची, आणि त्या सकाळी पहिल्यांदा खरोखरचे तीस युनिट अंगात जातात. तो माणूस चूक केल्याने नाही, चूक नकळत सुधारल्याने पडतो. म्हणून साखर अकारण चढत असेल, तर डोस वाढवण्याआधी सिरिंज आणि बाटली दोन्ही दवाखान्यात न्याव्यात आणि टेबलावर शेजारी ठेवाव्यात. रिपोर्टच्या फायलीपेक्षा त्या दोन वस्तू जास्त बोलतात.

बाटली आणि सिरिंज एकाच वेळी घ्यायची आणि टोपीचा रंग न बघता दोन्हींवरचा छापील आकडा जुळवायचा. ‘तेच आहे हो, फक्त कंपनी वेगळी’ असं काउंटरवरून ऐकू आलं तरी जुळवायचा. आकडा जुळत नसेल तर घरी बसून गुणाकार-भागाकार करायचा नाही, दुकानात परत जायचं. आणि पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमध्ये साधी सिरिंज खुपसून इन्सुलिन काढायचं नाही. घरात पडलेली सिरिंज बहुधा ४० चीच असते, आणि कार्ट्रिज १०० ची.

याच गोंधळाचं एक परदेशी रूप आहे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाणारे आई-बाबा इथून बाटल्या नेतात. सिरिंज संपल्या की तिथल्या दुकानातून आणतात. तिथे माणसांसाठी मिळते ती १०० ची सिरिंज. ४० ची मिळते ती कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी. लोणच्याच्या बरण्यांचं वजन करताना सिरिंजही मोजून घ्याव्यात, मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार जास्तच.

चिठ्ठीवरचं अक्षर हाही एक सापळा आहे. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण न लिहिता नुसता इंग्रजी यू लिहिला, तर घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि चाराचे चाळीस होतात. डॉक्टरांना शब्द पूर्ण लिहायला सांगण्यात संकोच कसला? नावाच्या मागचं शेपूटही वाचावं. एकाच ब्रँडमध्ये आर (लवकर काम करणारं), एन (संथ), आणि दोन्हींची मिश्रणं ३०/७० आणि ५०/५० असे प्रकार असतात. ३०/७० म्हणजे तीस टक्के लवकर काम करणारं आणि सत्तर टक्के संथ. नुसतं नाव सांगून मागवलं तर यातलं कुठलंही पुडक्यात येऊ शकतं.

बरोबर बाटली आणि बरोबर सिरिंज हाती आली, तरी ‘वीस’ अजून वीस झालेले नसतात. ३०/७० आणि एन ही इन्सुलिन दुधाळ असतात, कारण त्यात औषधाचे बारीक कण तरंगत असतात. बाटली उभी राहिली की कण तळाशी बसतात. तशीच ओढली तर सुरुवातीच्या डोसात पाणी जास्त आणि शेवटच्या डोसांत गाळ जास्त. बाटली तळहातांमध्ये दहा वेळा घोळवायची, मग दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करायची, सगळीकडे सारखा दुधाळ रंग येईपर्यंत. खोकल्याच्या औषधासारखी खळखळ हलवायची नाही. फेस होतो, आणि सिरिंजमध्ये बुडबुड्याने जितकी जागा अडवली तितकं औषध कमी. घोळवूनही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेला पांढरा थर दिसला तर ती बाटली गेली असं समजायचं. आर किंवा ग्लार्जिनसारखी इन्सुलिन पाण्यासारखी नितळ असतात. त्यांना घोळवावं लागत नाही, पण ती गढूळ दिसली तर वापरायची नाहीत.

हात साबणाने धुवायचे. बाटलीचं रबर स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं. वीस युनिट हवेत तर आधी विसाच्या रेघेपर्यंत हवा ओढून ती बाटलीत सोडायची, नाहीतर आत पोकळी होऊन दट्ट्या मागे येताना अडतो आणि माप चुकतं. मग बाटली उलटी धरून, सुईचं टोक द्रवात बुडलेलं ठेवून, थोडं जास्तच ओढायचं, टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे आणि रेघेपर्यंत परत ढकलायचं. डॉक्टरांनी आर आणि एन एकाच सिरिंजमध्ये घ्यायला सांगितलं असेल, तर क्रम ठरलेला आहे: हवा आधी दुधाळ बाटलीत, मग नितळ बाटलीत, आणि औषध ओढताना आधी नितळ, नंतर दुधाळ. उलट केलं तर दुधाळचे कण नितळ बाटलीत शिरतात आणि तिचा झटपटपणा बिघडतो. ग्लार्जिन कशातच मिसळायचं नाही.

पेन सोपं वाटतं, म्हणून त्यातल्या चुका जास्त निर्धास्तपणे होतात. प्रत्येक वेळी नवी सुई लावून, पेन उभं धरून दोन युनिट आधी हवेत सोडायचे. टोकाला थेंब दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा. मग डोस फिरवायचा, टोचायचं, बटण पूर्ण दाबायचं आणि दाबलेलंच ठेवून सावकाश दहा अंक मोजायचे. बारीक सुईतून द्रव यायला वेळ लागतो. लगेच सुई काढली की कातडीवर थेंब ओघळतो, आणि तो थेंब त्या विसांतलाच असतो. नंतर सुई काढून टाकायची. ती तशीच ठेवली तर दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने आतलं औषध फुगतं-आकसतं, त्यात हवा शिरते किंवा ते गळतं.

आणि पेन एकाचंच. ‘सुई बदलली की झालं’ असं नवरा-बायको दोघंही मधुमेही असलेल्या घरांत सर्रास म्हटलं जातं, आणि ते चूक आहे. टोचताना रक्ताचा किंचित अंश उलटा कार्ट्रिजमध्ये जाऊ शकतो. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांना तेवढं पुरतं. दोघांच्या पेनांवर वेगवेगळ्या रंगाचं रबर गुंडाळा, नावाची चिठ्ठी लावा. उसनवारी नको.

आता त्वचा. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळं नीट करूनही साखर वरखाली होते तेव्हा कारण पुष्कळदा बेंबीच्या उजव्या बाजूला बसलेलं असतं. माणूस किडकिडीत असो की दांडगा, कातडीची जाडी साधारण दोन ते अडीच मिलिमीटरच. इन्सुलिन जायला हवं तिच्याखालच्या चरबीत, त्याखालच्या स्नायूत नाही. स्नायूत रक्त जास्त खेळतं, औषध भराभर शोषलं जातं आणि साखर अचानक पडते. म्हणून पेनाला ४ मिलिमीटरची सुई बहुतेकांना पुरते, सरळ उभी, चिमटा न घेता. सिरिंजची सुई बहुधा ६ किंवा ८ मिलिमीटरची असते; तिला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कातडी हलकेच उचलावी लागते. सगळी बोटं लावून घट्ट मूठ धरली तर चरबीबरोबर स्नायूही वर येतो आणि चिमट्याचा उपयोग उलटाच होतो. औषध जाऊन सुई बाहेर येईपर्यंत चिमटा सोडायचा नाही. स्पिरिट लावलंच तर पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर आग होते. आंघोळ झालेली स्वच्छ कातडी असेल तर त्याची गरजही नसते. टोचल्यावर चोळायचं नाही. शर्टावरून, साडीच्या पदरावरून टोचायचं नाही.

हात एकदा सवयीच्या जागी गेला की रोज तिथेच जातो. तिथे दुखतही नाही, कारण तिथे हळूहळू चरबीची गादी तयार झालेली असते. इन्सुलिन स्वतःच चरबी वाढवणारं हार्मोन आहे. एकाच जागी ते रोज सोडलं की ती जागा फुगते, रबरासारखी टणक-मऊ होते. ही गाठ पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. हाताला साबण लावून आडव्या बोटांनी पोट चाचपलं तर कळते. गाठीतलं इन्सुलिन कधी अर्धवट शोषलं जातं, कधी उशिरा, कधी एकदम. साखरेच्या वहीत २८० च्या खाली ६५ दिसतं आणि घरचे म्हणतात, ‘काहीतरी चोरून खाल्लं असेल.’ बिचाऱ्याने खाल्लेलं नसतं.

त्यावर उपाय जागा बदलण्याचा, पण इथेही तीच गंमत दबा धरून आहे. गाठीत टोचून टोचून डोस वाढलेला असतो. तोच डोस चांगल्या कातडीत दिला तर पूर्ण लागू पडतो आणि साखर कोसळते. गाठ सोडायची, पण त्याआधी डॉक्टरांना सांगायचं. डोस बहुधा कमी करावा लागतो आणि ते काही दिवस साखर जास्त वेळा तपासावी लागते. पुढे पोटाचे चार भाग मनात पाडायचे, आठवडाभर एक भाग वापरायचा, त्यातही आदल्या जागेपासून बोटभर अंतर ठेवायचं, बेंबीभोवती दोन बोटं सोडायची. पोटातून इन्सुलिन लवकर शोषलं जातं, दंडातून जरा संथ, मांडी आणि कुल्ल्यातून आणखी संथ. ह्यूमन इन्सुलिनमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून सकाळचं पोटात तर रोज सकाळी पोटातच. एक दिवस पोट, एक दिवस मांडी असा खेळ करू नये.

सुई एकदाच वापरायची, असं पाकिटावर लिहिलेलं असतं आणि तीच सुई पाच-सहा दिवस चालवणारी घरं असंख्य आहेत. खर्चाचं गणित खोटं नाही. पण सुईवरचा गुळगुळीत लेप पहिल्या टोचणीतच जातो, टोक वाकतं, आणि तेच पुढे गाठींना हातभार लावतं. वाचलेले पैसे मग वाढलेल्या डोसाच्या बाटल्यांवर जातात.

आता घड्याळ. आर किंवा ३०/७० जेवणाआधी साधारण अर्धा तास, लिस्प्रो किंवा अस्पार्ट ही आणखी झटपट इन्सुलिन ताटावर बसता बसता. दवाखान्यातला हा नियम आपल्या घरांतल्या जेवणाच्या वेळा गृहीत धरत नाही. गणपतीत साडेआठला टोचलं, मग आरती, मग दुसरी आरती, मंत्रपुष्पांजली, नैवेद्य, आणि पाहुणे आले म्हणून आणखी पंधरा मिनिटं. लग्नात पंगत ‘आता बसेलच’ म्हणून अंदाजाने टोचणं तर जुगारच. ताट कधी समोर येणार याची खात्री झाल्याशिवाय सुई बाहेर काढू नये.

संकष्टीचा प्रश्न वेगळा. कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, बहुतेकदा रात्री आठ ते दहाच्या मधली. सकाळचे वीस नेहमीसारखे घ्यायचे आणि दिवसभर पाण्यावर राहायचं, हे दुपारी तीन-चारला साखर पाडण्याचं हमखास सूत्र आहे. उलट टोक म्हणजे साबुदाण्याची खिचडी: शुद्ध पिष्ट, साखर झपाट्याने चढवणारी. उपास करायचाच असेल तर त्या दिवसाचा डोस आदल्या भेटीतच डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्यावा. आजारपणात मात्र नेमकं उलटं चुकतं: जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद केलं जातं. टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तिथे, हे जिवावर बेततं; काही न खाताही शरीराला थोडं इन्सुलिन लागतंच. अशा वेळी डॉक्टरांना फोन करायचा, स्वतः बंद करायचं नाही.

‘घेतलं की नाही’ हे आठवत नसेल तर पुन्हा घ्यायचं नाही. आधी साखर तपासायची. त्याच कालनिर्णयाच्या चौकोनात रोज सकाळ-संध्याकाळ एक टिंब काढलं, की ही वेळच येत नाही.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजायची. ५४ च्या खाली गंभीर. दरदरून घाम, थरथर, धडधड, भूक, विनाकारण चिडचीड, बोलण्यात घोळ. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा राहतो. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात ढवळून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० खाली असेल तर पुन्हा तितकंच. साखर सावरली की पोळी-भाजीसारखं काही खायला द्यायचं. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धतेने साखर चढायला उशीर होतो. आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. इन्सुलिनबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर घरातली साखर नीट चढत नाही, कारण साखर फोडणारा आतड्यातला रसच ती गोळी अडवते. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं आजच वाचा आणि पावडरीचा डबा उशाशी ठेवा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखरेचं पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. ग्लुकॅगॉन हे इन्सुलिनच्या उलट काम करणारं हार्मोन, तेही बहुधा टोचून देतात. घरात ठेवावं का आणि कसं द्यायचं, हे आधीच विचारून ठेवायला हवं.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असलं तरी निकामी. चालू बाटली ३० अंशांखाली असेल तर बाहेर चालते, साधारण २८ दिवस. काहींना जास्त मुभा असते, ती आतल्या कागदावर लिहिलेली असते. उघडल्याची तारीख बाटलीवरच पेनाने लिहायची. रोज सहाच युनिट घेणाऱ्याच्या बाटलीत अठ्ठावीस दिवसांनंतरही निम्म्याहून जास्त औषध शिल्लक असतं आणि ती टाकताना जीव तुटतो, पण उरलेल्या औषधाच्या युनिटचा भरवसा संपलेला असतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि वीजही जाते. तिथे मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, ही व्यवस्था कामाची आहे. कोकणातल्या दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, तिथे माठ तेवढा गार होत नाही. बंद गाडीत बाटली ठेवायची नाही. विमानात ती हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह; सामानाच्या पोटात ती गोठू शकते.

वापरलेल्या सुया थेट कचऱ्यात गेल्या की त्या कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच घरातल्या सुया-सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्यायची, पाण्याची पातळ बाटली नको. पाऊण भरली की बूच घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळायची, वर ठळक अक्षरात ‘सुया’ लिहायचं आणि ती वेगळी, सांगून द्यायची. दवाखाना किंवा लॅब घेत असेल तर उत्तमच. दुसऱ्याला टोचून दिलं असेल तर सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवायचं नाही. टोपण टेबलावर आडवं ठेवायचं, एका हाताने सुई त्यात सरकवायची आणि तशीच बाटलीत सोडायची.